तारीख, नळी आणि कल्चर: दवाखान्यात लागलेले संसर्ग मोजायला बसणाऱ्या नव्या सिस्टर-ब्रदरसाठी

नागपूरच्या धंतोली, रामदासपेठेतल्या ५०-१०० खाटांच्या दवाखान्यात तुमच्याकडे इन्फेक्शन कंट्रोलचं काम आलं आहे. हातात एक रजिस्टर आहे, एनएबीएचची (दवाखान्यांना दर्जाची मान्यता देणाऱ्या मंडळाची) तपासणी पुढच्या तिमाहीत आहे आणि 'आपल्याकडे किती इन्फेक्शन झाली' हे सांगायचं आहे. तुमच्यासाठीच हा लेख आहे. मेडिकल, मेयो किंवा मिहानमधल्या एम्ससारख्या मोठ्या ठिकाणी रुजू झालात तरी पायऱ्या याच राहतील, फक्त मदतीला माणसं जास्त असतील.

एक गोष्ट सगळ्यात आधी. या कामात रुग्णाला 'खरंच' संसर्ग आहे का, हे तुम्ही ठरवत नाही. ते डॉक्टर ठरवतात आणि उपचारही तेच करतात. लिहून ठेवलेल्या व्याख्येत ही फाइल बसते की नाही, एवढंच तुम्ही ठरवता. दोन्ही उत्तरं कधी कधी वेगळी येतील आणि ते चालतं. मात्र एकाच फाइलवर सोमवारी एक आणि गुरुवारी दुसरं उत्तर येऊन चालत नाही. तसं झालं तर महिनाअखेरचा आकडा वाढला की घटला, हे कुणालाच सांगता येणार नाही आणि आयसीयूतल्या रुग्णाला त्या आकड्याचा काडीचाही उपयोग होणार नाही.

१. काय मोजायचं आणि कोणत्या व्याख्येने, हे लिहून काढा

सगळं एकदम मोजायला घेऊ नका. आयसीयूपासून सुरुवात करा आणि तिथे दोनच गोष्टी घ्या: सेंट्रल लाइनमुळे (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणाऱ्या नळीमुळे) होणारा रक्तातला संसर्ग, म्हणजे क्लॅब्सी, आणि लघवीच्या कॅथेटरमुळे होणारा संसर्ग, म्हणजे कॉटी. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचं आणि ऑपरेशनच्या जखमांचं काम तीन महिन्यांनी जोडा. दिल्लीचं एम्स आणि आयसीएमआर यांच्या पुढाकाराने भारतात जे हॉस्पिटल-संसर्ग निरीक्षणाचं जाळं उभं राहिलं, त्यानेही आयसीयूतल्या रक्ताच्या आणि लघवीच्या संसर्गापासूनच सुरुवात केली.

व्याख्या अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या एनएचएसएन या संसर्ग-नोंदणी यंत्रणेच्या घ्या. २००५ पासून चालणाऱ्या या यंत्रणेचे नियम दर जानेवारीत सुधारले जातात. म्हणून रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहा: 'या वर्षी अमुक वर्षाची व्याख्या वापरली.' वर्षाच्या मधे व्याख्या बदलू नका. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२० मध्ये संसर्ग प्रतिबंधाच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना काढल्या. त्याही छापून फाइलला लावा. दवाखान्याची इन्फेक्शन कंट्रोल समिती कशी असावी आणि कोणाचं काम काय, हे त्यांतून कळतं.

२. हाताशी काय हवं

- व्याख्यांची छापील प्रत, संगणकातली नव्हे. वॉर्डात उभं राहून उघडता आली पाहिजे.
- रोजच्या मोजणीचा तक्ता, प्रत्येक आयसीयूसाठी वेगळा: रुग्ण किती, सेंट्रल लाइन असलेले किती, कॅथेटर असलेले किती, व्हेंटिलेटरवर किती.
- प्रत्येक संशयित केससाठी एक पानी फॉर्म.
- प्रयोगशाळेकडून रोज सकाळी येणारी पॉझिटिव्ह कल्चरची, म्हणजे सॅम्पलमध्ये जंतू उगवल्याची यादी. बाहेरच्या लॅबला सॅम्पल जात असेल तर त्यांच्याशी हे आधीच ठरवून घ्या. लेखी ठरवा.
- लाइन आणि कॅथेटर घातल्याची, काढल्याची तारीख लिहायचा स्टिकर. फाइलमध्ये तारीख सापडली नाही तर पुढचं सगळं अडतं.
- भिंतीवरचं कॅलेंडर आणि पेन्सिल. दिवस मनात मोजले की चुकतातच.

तक्त्यात 'शेरा' असा एक रकाना ठेवा. एसी बंद पडला, टाकी साफ केली, शेजारी तोडफोड सुरू झाली, वॉर्डात कूलर लावले, हे त्यात तारखेसह टाका. सहा महिन्यांनी आकडा का उडाला, हे शोधताना तोच रकाना कामी येतो.

३. दिवस मोजायला शिका

नव्या माणसाच्या बहुतेक चुका इथेच होतात, म्हणून ही पायरी सावकाश वाचा.

रुग्ण वॉर्डात किंवा आयसीयूत दाखल झाला ती तारीख म्हणजे दिवस १. रात्री ११.४० ला खाटेवर आला तरी ती तारीख दिवस १, वीस मिनिटांनी दिवस २. तास मोजायचे नाहीत, कॅलेंडरच्या तारखा मोजायच्या. '४८ तास झाले का?' हा जुना प्रश्न विसरा. कॅज्युअल्टीत घालवलेला वेळ यात धरत नाहीत.

पहिल्या पॉझिटिव्ह तपासणीची तारीख, तिच्या आधीचे ३ दिवस आणि नंतरचे ३ दिवस, अशी ७ दिवसांची खिडकी असते. व्याख्येतली लक्षणं या खिडकीत यायला हवीत. खिडकीतलं जे लक्षण किंवा जी तपासणी सगळ्यात आधी आली, तिची तारीख ही घटनेची तारीख. ती दिवस ३ किंवा त्यानंतरची असेल तर संसर्ग दवाखान्यातला. दिवस १ किंवा २ ची असेल तर रुग्ण तो घेऊनच आला.

उदाहरण घ्या. गोंदियाहून आणलेला रुग्ण ४ जूनला रात्री ११.४० ला आयसीयूत दाखल झाला आणि लगेच कॅथेटर घातलं. ४ जून दिवस १, ६ जून दिवस ३. ६ जूनला ताप १०१.२. ८ जूनला लघवीचं कल्चर पाठवलं, त्यात ई. कोलाय, प्रति मिलिलिटर १ लाखाहून जास्त. खिडकी ५ ते ११ जून. ताप ६ जूनचा, म्हणून घटनेची तारीख ६ जून. दाखल होऊन तिसरा दिवस, कॅथेटरचाही तिसरा दिवस. ही कॉटी.

आता तोच ताप ५ जूनला पहिल्यांदा आला असता तर? ५ जूनही खिडकीत आहे, पण तो दिवस २. म्हणजे संसर्ग सोबत आलेला, तुमच्या आयसीयूच्या खात्यात नाही. एका दिवसाने निर्णय उलटतो. म्हणून तापाची तारीख डॉक्टरांच्या नोंदीतून घेऊ नका, नर्सिंग चार्टवरून घ्या. डॉक्टर 'कालपासून ताप' असं लिहितात, आणि तो 'काल' कोणता ते तीन दिवसांनी कोणालाच आठवत नाही.

व्याख्येत ताप ३८.० अंश सेल्सियसच्या वर हवा. आपल्या चार्टवर फॅरेनहाइट असतं, म्हणून १००.४ च्या वर. बरोबर १००.४ असेल तर तो ताप धरायचा नाही.

घटनेच्या तारखेपासून १४ दिवस त्याच प्रकारचा नवा संसर्ग मोजत नाहीत. वरच्या उदाहरणात ६ ते १९ जून. १५ जूनला लघवीत क्लेबसिएला आला तर नवी कॉटी नाही. जुन्याच फॉर्मवर दुसरा जंतू म्हणून त्याची नोंद करा.

रुग्ण आयसीयूतून वॉर्डात गेला आणि घटनेची तारीख हलवल्याच्या दिवसाची किंवा दुसऱ्या दिवसाची निघाली, तर संसर्ग आयसीयूच्याच नावावर. सुटी झाल्यावरही हाच हिशोब.

दुसऱ्या दवाखान्यातून आलेल्या रुग्णाचे दिवस तुमच्याकडे दाखल झाल्यापासून नव्याने सुरू होतात. नागपुरात हे रोजचंच आहे. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, पलीकडे बालाघाट, शिवनी, छिंदवाडा इथून रुग्ण कॅथेटर लावूनच येतात. दाखल करताना नातेवाइकांना विचारा, ताप कधी सुरू झाला, आणि तारखेसह फाइलमध्ये लिहायला लावा. 'येताना ताप होता' हे लिहिलेलं नसेल तर तो नव्हता असंच धरावं लागतं.

४. नळ्या मोजा, रोज, एकाच वेळी

संसर्ग शोधायला सगळे उत्साही असतात, नळ्या मोजायला कोणी नसतं. पण भागाकारातला खालचा आकडा, म्हणजे नळी-दिवस, चुकला तर वरचा आकडा, म्हणजे संसर्ग, बरोबर असूनही दर चुकतो.

वेळ ठरवा, उदाहरणार्थ सकाळी १०, आणि खाटेजवळ जाऊन मोजा. एका रुग्णाला दोन सेंट्रल लाइन असल्या तरी लाइन-दिवस एकच. गळ्यातली, छातीतली, जांघेतल्या शिरेतली लाइन, डायलिसिस कॅथेटर, पिक लाइन (दंडातून मोठ्या शिरेपर्यंत नेलेली), नवजात बाळाच्या बेंबीतली लाइन, सगळ्या मोजायच्या. हातातली साधी आयव्ही मोजायची नाही. रक्तदाबासाठी धमनीत घातलेली लाइनही नाही. लघवीसाठी फक्त मूत्राशयात राहणारं फोली कॅथेटर. कंडोम कॅथेटर, पोटातून घातलेली नळी, किडनीतली नळी आणि एकदाच घालून काढलेली नळी बाहेर.

कॅथेटर बदललं तर दिवस थांबत नाहीत. काढून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा घातलं, तर मोजणी तशीच पुढे चालते. पूर्ण एक तारीख कॅथेटरविना गेली तरच नव्याने १.

रविवारी कोण मोजणार? पोळा, मारबत, धम्मचक्र प्रवर्तन दिन, दिवाळी यांना कोण मोजणार? ड्युटी लावताना त्याचं नाव आधीच लिहा. सुटीनंतर आठवून भरलेले आकडे सारखेच दिसतात: १०, १०, १०. अशी रांग दिसली की समजा, कोणी खाटेजवळ गेलेलं नाही. दिवस राहून गेला तर 'मोजलं नाही' असं लिहा. अंदाज भरू नका.

हिशोब सोपा आहे. संसर्गांची संख्या भागिले कॅथेटर-दिवस, गुणिले १०००. समजा महिन्यात १ कॉटी आणि १८० कॅथेटर-दिवस, तर दर ५.६. त्याच महिन्यात रुग्ण-दिवस २४० असतील तर कॅथेटर वापराचं प्रमाण १८० भागिले २४०, म्हणजे ०.७५. दर १०० रुग्ण-दिवसांपैकी ७५ दिवस कॅथेटर होतं. हा दुसरा आकडा पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, कारण नको असलेलं कॅथेटर काढणं हाच कॉटी टाळायचा सगळ्यात खात्रीचा उपाय आहे.

छोट्या आयसीयूत एका केसने दर ० वरून ५.६ वर जातो. म्हणून महिन्याचा दर फार गंभीरपणे घेऊ नका. तीन महिन्यांचे आकडे एकत्र करून पाहा.

५. सॅम्पल बरोबर जाईल याची काळजी घ्या

सॅम्पल बिघडलं असेल तर व्याख्या कितीही पाठ असली तरी चुकीच्या फाइलवर बरोबर निर्णय घ्याल.

रक्त: मोठ्या माणसात दोन वेगळ्या जागांहून, वेगळी टोचणी करून, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलि. टोचण्याआधी त्वचेवर अल्कोहोल-क्लोरहेक्सिडीन, ३० सेकंद चोळून, पूर्ण वाळू द्यायचं. बाटलीचं रबरी झाकण अल्कोहोलने पुसायचं. अँटिबायोटिकच्या आधी घेतलं तर उत्तम.

आपल्याकडे खर्च वाचवायला एकच बाटली पाठवायची सवय आहे. नातेवाइकांची अडचण खरी आहे, पण परिणाम समजून घ्या. त्वचेवरचे नेहमीचे जंतू, उदाहरणार्थ कोअ‍ॅग्युलेज निगेटिव्ह स्टॅफ, एकाच बाटलीत आले तर व्याख्येप्रमाणे ती क्लॅब्सी होत नाही. दोन वेगळ्या वेळच्या सॅम्पलमध्ये हवेत, त्याच किंवा लगतच्या दिवशी. दुसरी बाटली नसेल तर डॉक्टरांना महागडं अँटिबायोटिक द्यावं की नाही तेही कळत नाही. बाटलीपेक्षा ते अँटिबायोटिक महाग पडतं. समितीत हा हिशोब मांडा.

लघवी: पिशवीतून कधीच नाही. नळीवरच्या सॅम्पल पोर्टच्या खाली नळी थोडा वेळ चिमटा लावून बंद करा, पोर्ट अल्कोहोलने पुसा, निर्जंतुक सिरिंजने घ्या. कॅथेटर खूप दिवसांचं असेल तर बदलून नव्यातून घ्या. जुन्या नळीच्या आत जंतूंचा थर साचतो, आणि कल्चरमध्ये तो थरच उगवतो.

आता नागपूरचा मे महिना. बाहेर ४५ अंश. लघवीचा डबा पॅन्ट्रीत अर्धा तास पडला, मग मुलाने गाडीच्या डिक्कीत घालून सीताबर्डीच्या गर्दीतून नेला. त्या उन्हात जंतू भराभर वाढतात आणि प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत २० हजारांचे १ लाख होतात. कॉटीची सीमारेषा १ लाखच आहे. म्हणजे केवळ उन्हाने एक खोटी कॉटी तयार होऊ शकते. खोलीच्या साध्या तापमानाला लघवी २ तासांत लावली गेली पाहिजे. नाहीतर सुमारे ४ अंशाला फ्रिजमध्ये ठेवा, २४ तासांच्या आत. वाहतुकीला बर्फाच्या पॅकचा डबा द्या.

रक्ताच्या बाटलीचं मात्र उलट. तिला फ्रिज नको, बर्फ नको, पण ऊनही नको. एसी आयसीयूतच ठेवा, लवकरात लवकर पाठवा, बंद सावलीच्या डब्यात. दोन वेगळे डबे, दोन रंगांचे, म्हणजे रात्रपाळीच्या पोराचा गोंधळ होणार नाही.

सेंट्रल लाइनचं टोक कापून पाठवायची पद्धत काही ठिकाणी अजून आहे. टोकाचं कल्चर क्लॅब्सी ठरवायला चालत नाही. रक्तच लागतं. आणि लाइनमधून काढलेल्या रक्तात जंतू आला तर 'लाइनमधलं आहे, सोडा' म्हणून टाकता येत नाही. तोही धरावा लागतो.

६. रोजची फेरी आणि निर्णय

सकाळी लॅबची यादी, मग फाइल, मग खाट. याच क्रमाने. उलट गेलात तर जो रुग्ण गंभीर दिसतो त्याच्यातच संसर्ग शोधाल आणि शांत पडलेला सुटून जाईल.

*लघवीसाठी* प्रश्न एकापाठोपाठ एक. घटनेच्या तारखेला कॅथेटरचा तिसरा किंवा पुढचा दिवस होता का, आणि त्या दिवशी ते होतं किंवा आदल्या दिवशी काढलं होतं का? कल्चरमध्ये दोनपेक्षा जास्त प्रकारचे जंतू नाहीत ना? त्यांतला एक बॅक्टेरिया १ लाख किंवा जास्त आहे का? ताप, ओटीपोटात दाबल्यावर दुखणं किंवा कमरेच्या बाजूला दुखणं यांपैकी काही आहे का? सगळ्यांना 'हो' तर कॉटी. जळजळ, वारंवार लागणं, घाई होणं ही लक्षणं कॅथेटर आत असताना धरत नाहीत, कारण ती कॅथेटरमुळेच होतात.

इथले सापळे:

- कँडिडा किंवा कुठलंही यीस्ट लघवीत एकटं आलं तर ती कॉटी नाही, आकडा कितीही मोठा असो.
- लॅबने '५० हजार ते १ लाख' असं लिहिलं तर फोन करून नेमका आकडा विचारा.
- 'हा ताप तर स्क्रब टायफसचा आहे' असं म्हणून ताप बाजूला काढता येत नाही. पावसाळ्यानंतर विदर्भात स्क्रब टायफस आणि डेंग्यू भरपूर असतात, आणि डॉक्टरांचं म्हणणं कदाचित अगदी बरोबर असेल. तरीही व्याख्येत ताप म्हणजे ताप. कारण काय असेल ते तुम्ही ठरवायचं नाही. हा नियम पचायला जड जातो. पण सगळीकडे सारखाच लावला की अशा जादा केस सगळ्यांच्याच आकड्यांत पडतात आणि तुलना टिकते.
- ताप नाही, पण लघवीत आणि रक्तात एकच बॅक्टेरिया आहे, तर 'लक्षणांविना लघवीचा संसर्ग' असा वेगळा प्रकार आहे. फाइल बंद करू नका.

*रक्तासाठी* आधी पाहा जंतू कोणता. स्टॅफिलोकोकस ऑरियस, क्लेबसिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर, कँडिडा यांच्यासाठी एक सॅम्पल पुरे, ताप असायलाच हवा असं नाही. 'ताप नव्हता' म्हणून अशी केस सोडणं ही नव्या माणसाची नेहमीची चूक. त्वचेवरच्या जंतूंसाठी मात्र दोन सॅम्पल आणि सोबत ताप, थंडी वाजणं किंवा रक्तदाब घसरणं यांपैकी एक. एक वर्षापर्यंतच्या बाळात शरीर ३६.० अंशाखाली थंड पडणं, श्वास थांबणं, ठोके मंदावणंही चालतं.

मग लाइनचा तिसरा दिवस झाला होता का ते पाहा. शेवटी विचारा, हा जंतू दुसरीकडून तर आला नाही? लघवीच्या संसर्गाची व्याख्या पूर्ण झाली आणि लघवीत, रक्तात तोच ई. कोलाय असेल तर रक्तातला संसर्ग दुय्यम आहे, क्लॅब्सी नाही. पण 'छातीतून आला असेल' एवढं म्हणणं पुरत नाही. छातीच्या संसर्गाची व्याख्याही कागदावर पूर्ण झाली पाहिजे. आणि लघवीतला कँडिडा दाखवून रक्तातला कँडिडा दुय्यम ठरवता येत नाही, कारण लघवीच्या व्याख्येत कँडिडा नाहीच.

कर्करोगाच्या रुग्णात, पांढऱ्या पेशी खूप कमी असताना आतड्यातले जंतू रक्तात जातात. त्यांच्यासाठी वेगळा उपप्रकार आहे, तो वेगळ्या ओळीत ठेवा.

*व्हेंटिलेटरवर* छातीच्या एक्स-रेवरून ठरवायला गेलात तर दोन डॉक्टर दोन मतं देतील. मोठ्यांसाठी मशीनचे आकडे वापरा. रोजची सगळ्यात कमी पीप (श्वास सोडल्यावर मशीन फुप्फुसात राखते तो दाब) आणि मशीनमधून दिलेलं सगळ्यात कमी ऑक्सिजनचं प्रमाण लिहा, जी किमान एक तासाहून जास्त वेळ टिकली ती. किमान २ दिवस स्थिर राहून मग पीप किमान ३ सेमी किंवा ऑक्सिजन किमान २० टक्क्यांच्या अंकांनी वाढला, आणि ती वाढ २ दिवस टिकली, तर घटना मोजायची. पीप ० ते ५ मध्ये कितीही असली तरी ५ धरायची. ३ वरून ६ वर गेली तर वाढ ३ ची नाही, १ ची.

७. ऑपरेशनची जखम: सुटीनंतरच खरं काम

इथे ७ दिवसांची खिडकी आणि १४ दिवसांचा नियम लागू नाही. सिझेरियन, अपेंडिक्स यांना ३० दिवस. गुडघा-खुब्याचे सांधे, हर्निया, प्लेट-रॉड टाकलेलं हाड, मणक्याचं फ्यूजन, बायपास, पेसमेकर यांच्यात खोल संसर्ग ९० दिवसांपर्यंत पाहायचा. दर काढताना त्या प्रकारची त्या महिन्यातली सगळी ऑपरेशन खाली घ्या आणि १०० ने गुणा.

रुग्ण पाचव्या दिवशी घरी जातो, टाके गावातल्या डॉक्टरांकडे काढतो. तुम्ही फोन केला नाही तर संसर्ग शून्यच दिसणार. सुटी देताना दोन नंबर घ्या, एक घरातल्या बाईमाणसाचा. जखम तीच बघते. फोनवर 'इन्फेक्शन झालं का?' असं विचारू नका, कोणीही 'नाही' म्हणेल. विचारा:

- टाके पिकले का? पू आला का? नुसतं पाणी सुटलं का?
- जखम लाल, गरम, सुजलेली आहे का? कधीपासून?
- डॉक्टरांनी टाका उघडला का? कोणत्या तारखेला?
- नवीन गोळ्या-इंजेक्शन सुरू केलं का?

'पू' असं उत्तर आलं तर फोटो मागवा किंवा ओपीडीत बोलवा. नुसतं टाक्याच्या भोकापाशी थोडं पिकलं असेल तर ते मोजत नाहीत. नुसती लाली असेल तरी नाही. पू, किंवा जखमेतून निर्जंतुक पद्धतीने घेतलेल्या सॅम्पलमध्ये जंतू, किंवा दुखते, सुजते म्हणून सर्जनने मुद्दाम उघडलेली जखम, किंवा सर्जनने लेखी दिलेलं निदान, यांपैकी एक हवं. सर्जन तोंडी 'काही नाही' म्हणाले तरी पू लिहिलेला असेल तर तो मोजायचाच.

फोन लागला नाही त्यांची संख्या अहवालात लिहा. ४० पैकी २२ जणांशीच बोलणं झालं असेल तर तो दर ४० जणांचा नाही.

८. दोघांनी वेगवेगळं ठरवा, मग ताडून पाहा

पहिल्या महिन्यात जुन्या १० फाइल काढा. तुम्ही आणि मायक्रोबायोलॉजिस्ट, किंवा दुसऱ्या आयसीयूची सिस्टर, एकमेकांना न विचारता निर्णय लिहा. मग शेजारी ठेवा. जिथे मतभेद झाला तिथे कोण बरोबर हे ज्येष्ठतेवर ठरवू नका. व्याख्येतली ओळ उघडून वाचा. सहसा मतभेद दिवस मोजण्यात किंवा दुय्यम संसर्गात असतो.

अडलेल्या फाइलची वेगळी वही ठेवा: प्रश्न काय होता, काय ठरवलं, कोणत्या ओळीवरून. पुढच्या वर्षी तुमच्या जागी येणाऱ्या सिस्टरला ती वही सगळ्यात उपयोगी पडेल. दर तीन महिन्यांनी ५ फाइल पुन्हा अशाच ताडून पाहा.

दडपण येईल, ते येतंच. 'ही केस नको धरू, सरांना वाईट वाटेल', 'तपासणी होऊ दे, मग लिही.' अशा वेळी वाद घालू नका, फॉर्म पुढे करा. व्याख्येत बसते तर लिहिली. आणि शोधायला नीट सुरुवात केली की पहिल्या सहा महिन्यांत आकडा वाढणारच, हे व्यवस्थापनाला सुरुवातीलाच लेखी कळवा. कल्चरच न पाठवणाऱ्या दवाखान्याचा दर शून्य असतो. तो शून्य कुणाच्या कौतुकाचा नाही, त्या शून्याखाली रुग्ण झाकलेले असतात.

९. कळवायचं कोणाला, कसं

आयसीयूच्या सिस्टर-इन-चार्जला केस ठरली त्याच दिवशी तोंडी सांगा. नाव घेऊन दोष देऊ नका, नळीबद्दल बोला: किती दिवस होती, का होती, ड्रेसिंग कधी बदललं. चार दिवस गेले की कोणाला काही आठवत नाही.

समितीला दर महिन्याला एक पान: संसर्गांची संख्या, नळी-दिवस, दर, वापराचं प्रमाण, जंतू आणि त्यांची अँटिबायोटिक संवेदनशीलता, मोजणी राहिलेले दिवस. रुग्णाचं नाव नाही, डॉक्टरांचं नाव नाही. नुसता दर कधीच देऊ नका, वरचा आणि खालचा आकडा सोबत हवा. आयसीयूच्या भिंतीवर लावायचा असेल तर तोच कागद लावा, वेगळा गोड आकडा नको.

महिनाअखेरची वाट बघायची नाही अशा गोष्टी: एकाच आठवड्यात दोन रुग्णांत एकसारखा, नेहमी न दिसणारा जंतू. रक्तात बर्खोल्डेरिया सेपेशिया दोघांमध्ये आला तर सलाईन, औषधाच्या मोठ्या बाटल्या, अँटिसेप्टिक यांपैकी काही दूषित आहे का, याची शंका त्याच दिवशी घ्या आणि उघडलेल्या बाटल्या फेकू नका, तपासणीसाठी सीलबंद ठेवा. कँडिडा ऑरिस एका रुग्णात आला तरी पुरे: वेगळी खोली, समितीच्या प्रमुखांना फोन, आणि शेजारच्या खाटांची तपासणी.

कळवलेला आकडा नंतर चुकीचा निघाला तर खोडरबर वापरू नका. जुन्यावर एक रेघ, शेजारी नवा आकडा, तारीख, सही आणि कारण. मग पुढच्या बैठकीत पहिल्याच ओळीत ते वाचून दाखवा.